रातीच्या चष्म्यातला पांढरा माणूस

१

विनोद गावंडेला विहिरीतून वर काढलं तेव्हा रातीचा चष्मा त्याच्या डोळ्यांवर तसाच होता. डोक्यामागून आवळलेला पट्टा, पुढे दोन जाड नळ्या, आणि त्या नळ्यांमधून पाणी ठिबकत होतं. खाटेवर आडवा केलेला तो माणूस अजून काहीतरी पाहत असावा असं वाटत होतं. जमलेल्या बायकांनी तोंडं फिरवली.

बोरपाणी हे सौंसरहून जामसांवलीकडे जाताना आत वळलं की लागणारं गाव. चारी बाजूंनी संत्र्याच्या बागा, मधे मधे कपाशी. संत्र्याचा आंब्या बहार तोडणीला आला होता. गेली काही वर्षं बागांत रानडुकरं आणि चोर दोन्ही वाढले, म्हणून बागवाल्यांच्या गटाने अंधारात दिसणारे तीन चष्मे आणले होते. गाव त्यांना रातीचा चष्मा म्हणायचं. ते आल्यापासून चोरी थांबली होती आणि डुक्कर धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, यायच्या आत राखणदाराला कळत होतं. गाव त्या चष्म्यांवर खूश होतं.

"त्यानंच घात केला," विनोदचा धाकटा भाऊ वैभव म्हणाला. "त्याच्यात दूरचं जवळ वाटते, जवळचं दूर. ईरीची कड समजली नसन भाऊले. मी त्या झोपडीत झोपलो होतो, मॅडम. एवढ्या जवळ."

सौंसर ठाण्याची सब-इन्स्पेक्टर प्रज्ञा सोमकुंवर प्रेताजवळ बसून ऐकत होती. विहिरीला कठडा नव्हता. कडेचं गवत दबलेलं होतं. सगळं जुळत होतं.

गटाचा अध्यक्ष वीरेंद्र डहाके हात बांधून उभा होता. चाळिशीचा, नीटनेटका, अंगात काळं जॅकेट. चष्मे त्यानेच आणले होते आणि वापरायला शिकवलेही त्यानेच.

"मी सगळ्यायले सांगतलं होतं, मॅडम," तो हळू आवाजात म्हणाला. "चष्मा लावून चालायचं नाही. उभं राहून पाहायचं, मंग काढून चालायचं. नळीतून पाह्यल्यासारखं असते ते. पायाखालचं दिसत नाही, बाजूचं दिसत नाही. विनोदले घाई झाली असन."

प्रज्ञाने मान हलवली. तिची नजर विनोदच्या पायावर गेली. पायजमा वर सरकला होता आणि डाव्या नडगीवर एक काळपट आडवी रेघ होती, जळल्यासारखी. तिने बोटाने दाखवली.

"बिडीचा चटका असन," कुणीतरी म्हणालं.

विनोद बिडी ओढत नव्हता, हे तिला त्याच्या बायकोकडून नंतर कळलं. त्याआधी दुपारीच सौंसरच्या डॉक्टरांचा फोन आला.

"मॅडम, छातीत पाणी नाही. हा माणूस विहिरीत पडून मेला नाही. मेल्यावर विहिरीत पडला आहे."

२

गावात ही बातमी पसरायला वेळ लागला नाही, आणि संध्याकाळी अंबाबाई स्वतःहून ठाण्यात आली. एकटी बाई, स्वतःची बाग स्वतः राखणारी. गटाच्या तीन चष्म्यांपैकी एक तिच्याकडे असायचा.

"काल माही राखनीची पाळी नव्हती," ती म्हणाली. "पन डुकरायनं परवा माही झाडं मोडली, म्हून मी बागेतल्या माळ्यावर जाऊन बसली. कुत्रे भुकायले लागले तशी चष्मा लावून पाह्यलं. विनोदच्या ईरीजवळ मानूस होता. वाकून काही ओढत होता."

"कोण होता?"

"तोंड कसं दिसन, मॅडम? एवढ्या दूरून चुन्याच्या गोळ्यावानी दिसते. पन कपडे पांढरे होते. वरून खालपर्यंत पांढरेशिपट. आन कपाळावर बॅटरी लागली होती, लख्ख. मले वाटलं विनोदच असन, ईरीवरची मोटार पाहून राहिला असन. म्हून हाक नाही मारली."

हे बोलताना तिचा आवाज पहिल्यांदा हलला.

बोरपाणीत बारा महिने पांढरा सदरा-पायजमा घालणारा एकच माणूस होता, देवीदास ढोके. आणि चारच दिवसांपूर्वी सौंसरच्या बाजारात, भर गर्दीत, तो विनोदचा हात धरून ओरडला होता, "तू बोलला नाही त मी तुले सोडनार नाही." अर्ध्या बाजाराने ते ऐकलं होतं.

अंधार पडायच्या आत देवीदास लॉकअपमध्ये होता. ठाण्यासमोर बोरपाणीची माणसं जमली होती. नुसती उभी होती, आणि त्याचंच प्रज्ञाला जास्त वाटलं.

"कपडे, भांडण आणि साक्षीदार," ठाण्याचे मुख्य अधिकारी, टीआय साहेब, म्हणाले. "अजून काय पाहिजे?"

"सर, देवीदासला संध्याकाळनंतर धड दिसत नाही. मोतीबिंदू आहे. अमावस्येच्या रात्री तो माणूस ओढत विहिरीपर्यंत नेईल?"

"बॅटरी होती ना कपाळावर." साहेब जरा थांबले. "प्रज्ञा, एक सांगतो, राग मानू नको. तू त्याच्याच समाजाची. लोक बोलायला लागलेत. उद्या संध्याकाळपर्यंत मला दुसरं काही दिसलं नाही, तर मी त्याला कोर्टात उभा करतो."

बाहेर येऊन तिने वैभवला गर्दीतून बाजूला घेतलं.

"कुत्रे भुंकले तेव्हा तू कुठे होतास?"

"झोपडीतच. त्यायच्या आवाजानंच जागा झालो. बाहेर येऊन उभा राह्यलो. ईरीकडे पाह्यलं."

"बॅटरी दिसली?"

वैभवने गोंधळून तिच्याकडे पाहिलं. "कोनती बॅटरी? काहीच उजेड नव्हता, मॅडम. हात दिसत नव्हता डोळ्यासमोरचा. बॅटरी लागली असती त मी धावत गेलो नसतो काय?"

कुत्रे तेच आणि विहीर तीच. एकीला लख्ख उजेड दिसला होता, आणि तिच्यापेक्षा कितीतरी जवळ उभ्या असलेल्याला मिट्ट काळोख. दोघांपैकी एक खोटं बोलत होता. निदान त्या संध्याकाळी प्रज्ञाला तसंच वाटलं.

३

सकाळी ती लॉकअपसमोर स्टूल घेऊन बसली. देवीदास भिंतीला टेकून होता. सदऱ्याला मातीचा डागही नव्हता.

"विनोदनं काय बोलायचं होतं, काका?"

त्याने पाय जवळ घेतले.

"माही घरवाली कमल पावसाळ्यात गेली. गवताले गेली होती पहाटे, अंधारातच. वीरेंद्रच्या धुऱ्यावर मरून पडलेली भेटली. सगळे म्हने, साप चावला. मी म्हन्लं, कुठी चावला ते दाखवा. कोनाले दाखवता नाही आलं. तिच्या पायाले काळी रेघ होती, मॅडम. सापाचे दात असे नसतात."

प्रज्ञाने स्टूल गजांजवळ ओढलं. "विनोदला त्यातलं काय माहीत होतं?"

"त्या रातीची राखन त्याची होती. एक दिवस तोच माह्याजवळ आला आन रडला. म्हने, काका, मी पाह्यलं काहीतरी, मले थोडा टाइम द्या. मी टाइम देला. दिवाळी गेली. मंग बाजारात माह्याच्यानं राहवलं नाही." त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला. "त्याले मी काऊन मारीन? जगात एक त मानूस होता माह्या बाजूचा."

बोरपाणीला विनोदच्या घरी बायका बसल्या होत्या. त्याची बायको पूनम उठून आतल्या खोलीत आली. प्रज्ञाने पिशवीतून विनोदचा रातीचा चष्मा काढला. पाण्याने तो बंद पडला होता. पूनमने तो हातात घेतला नाही.

"यांना नंबर होता ना?"

"लय मोठा. चष्म्याशिवाय पोरीचं तोंड ओळखत नव्हते. हा लावताना आपला खिशात ठेवत. आन हे चाक आहे ना मागचं," तिने नळीच्या डोळ्याकडच्या टोकाला असलेल्या कड्याकडे बोट केलं, "हे एका बाजूला पूर्ण फिरवून ठेवत. त्याशिवाय त्यायले यातून काहीच दिसत नव्हतं. दुसऱ्यानं लावला की तो म्हने, विनोद, तुह्या चष्म्यात धुकं आहे. सगळे हासत."

"आणि धुवून-पुसून ठेवल्यावर कडं फिरत असेल?"

"नाही. लय घट्ट आहे ते. पान्यात पडलं तरी हालनार नाही."

प्रज्ञाने चष्मा खिडकीच्या उजेडात धरला. दोन्ही कड्यांवरच्या पांढऱ्या खुणा बरोबर मध्यावर होत्या. डोळे चांगले असलेल्या माणसाच्या जागी.

म्हणजे विनोदच्या डोळ्यांवर सापडलेला हा चष्मा शेवटचा वापरला तो विनोदने नव्हे. कुणीतरी तो त्याच्या डोळ्यांवरून काढला, आपल्या डोळ्यांना लावून घेतला, आणि काम झाल्यावर परत त्याला चढवला होता.

"पूनमताई, कमलच्या वेळी यांनी काय पाहिलं होतं?"

पूनमने दाराकडे पाहिलं. बाहेर बायकांचा आवाज थांबला होता.

"मले पूर्ण नाही सांगतलं. एवढंच म्हने, एक मानूस धुऱ्यावरून उलटा उलटा चालून राहिला होता आन हात असे असे करून राहिला होता." तिने दोन्ही हातांनी हवेत काहीतरी गुंडाळल्यासारखं केलं. "हातात काहीच नव्हतं म्हने. म्हून तेव्हा त्यायले समजलं नाही. सकाळी कमलबाई भेटली, मंग समजलं."

"माणूस कोण?"

"नाव नाही सांगतलं. म्हने, तुले मालूम नसलेलंच बरं."

४

वीरेंद्रने अंगणात खुर्च्या टाकल्या आणि चहा सांगितला. त्याचा स्वतःचा चष्मा त्याने आतून आणून दिला. विनोद गेला त्या रात्री आपण पांढुर्ण्याला सासऱ्यांकडे होतो, संत्र्याच्या गाड्यांचं बोलणं होतं, चष्मा घरीच चार्जिंगला होता, असं त्याने न विचारता सांगितलं.

"तुम्ही इथे सगळ्यात जाणकार," प्रज्ञा म्हणाली. "मला नीट समजावून सांगा. यात रंग दिसतात?"

"नाही. नुसतं काळं-पांढरं."

"पांढरं कापड पांढरं दिसतं?"

"हो त."

"आणि काळं?"

वीरेंद्रने कप खाली ठेवला. "काळं ते काळंच दिसन ना, मॅडम."

"अंबाबाईला कपाळावर बॅटरी दिसली. वैभवला दिसली नाही. असं कसं?"

"अंबाबाईचं वय झालं," तो सहज म्हणाला. "आन वैभव झोपेत असन. भावाभावात बागेच्या वाटनीचं चालू होतं, ते तुमी विचारलं काय त्याले?"

तिने ते लक्षात ठेवल्यासारखं केलं आणि चष्मा तासभर मागून घेतला. अंबाबाईचा चष्मा तिच्यासोबत आलेली हवालदार डिंपल घेऊनच आली होती. गावाच्या टोकाला गटाचं संत्री ठेवायचं गोदाम होतं. भर दुपारी त्या दोघी आत गेल्या आणि शटर खाली ओढलं. फटींना पोती लावली. आत काळोख झाला आणि संत्र्यांचा आंबूस वास दाटून आला.

"डिंपल, तू चष्मा लाव आणि त्याचा दिवा सुरू कर. मी नुसत्या डोळ्यांनी पाहते."

खटका वाजला. प्रज्ञाला काहीच दिसलं नाही. अगदी जवळ गेल्यावर डिंपलच्या कपाळाजवळ बिडीच्या विस्तवाएवढा लालसर ठिपका जाणवला. ती मागे सरली तसा तोही गेला.

"मले सगळं दिसून राहिलं, मॅडम," डिंपल म्हणाली. "पेट्या, भिंत, तुमी."

आता प्रज्ञाने दुसरा चष्मा डोळ्यांना लावला आणि डिंपलकडे पाहिलं. तिचे डोळे दिपले. डिंपलच्या कपाळावर मोटारीच्या दिव्यासारखा प्रकाश जळत होता.

ती तिथेच थांबली. पूर्ण अंधारात हे चष्मे स्वतःचा उजेड सोडतात. माणसाच्या डोळ्याला तो दिसत नाही. दिसतो फक्त दुसऱ्या चष्म्याला. अंबाबाई खोटं बोलत नव्हती आणि वैभवही नाही. विहिरीजवळच्या माणसाच्या कपाळावर बॅटरी नव्हतीच. त्याच्या डोळ्यांवर विनोदचा चष्मा होता.

"मॅडम," डिंपलचा आवाज बदलला होता. "तुमचं स्वेटर कोनत्या रंगाचं होतं?"

"काळं. का?"

"मले ते पांढरं दिसून राहिलं."

प्रज्ञाने खाली स्वतःकडे पाहिलं. नायलॉनचं काळं स्वेटर चुन्यात बुडवल्यासारखं पांढरं होतं. खाकी पॅंटही फिकट. पेटीवरचं काळं प्लास्टिक मात्र काळंच होतं. म्हणजे चष्मा सगळ्या काळ्याला पांढरं करत नव्हता. काही कापडांच्या रंगाला तो उजेड दिसतच नव्हता, जणू ती कापडं रंगवलीच नव्हती.

मागे कुठेतरी कडी सरकली. गोदामाला बाजूनेही दार आहे, हे तिला ठाऊक नव्हतं. उजेडाची एक पट्टी आत आली, चष्म्यात आगीसारखी फुलली आणि विझली. दार पुन्हा बंद झालं होतं.

प्रज्ञाने चष्मा काढला नाही. दाराशी एक माणूस उभा होता. चेहरा नसलेला, वरून खालपर्यंत पांढरा. तो हळूहळू पुढे आला.

"अंधारात काय पाहून राहिल्या, मॅडम?" वीरेंद्रचा आवाज आला.

मघाशी अंगणात त्याच्या अंगात काळं जॅकेट आणि काळी ट्रॅक पॅंट होती.

"डुकरं कशी दिसतात ते," प्रज्ञा म्हणाली. "डिंपल, शटर वर कर."

शटर वर जाईपर्यंत तो शेजारी उभा होता, इतक्या जवळ की त्याचा श्वास तिला ऐकू येत होता. उजेड आत आला तेव्हा तो हसत होता आणि त्याचं जॅकेट पुन्हा काळं झालं होतं.

५

"काळं जॅकेट अर्ध्या गावाजवळ असन," गाडीत बसल्यावर डिंपल म्हणाली.

"असेल. पण ज्यानं गावाला हा चष्मा शिकवला, त्याला काळं पांढरं दिसतं हे माहीत नाही? बॅटरीचं कोडं त्याला एका वाक्यात सोडवता आलं असतं. त्याऐवजी त्यानं मला वैभवकडे वळवलं. बाकीचे अजाणतेपणी चुकले. हा जाणून खोटं बोलला."

"पन मेला कशानं विनोद?"

"कमल मेली त्यानंच."

गाडी विनोदच्या बागेकडे वळली. विनोद राखणीला नेहमी एकाच पाऊलवाटेने फिरायचा, हे वैभवने दाखवलं. वाट वीरेंद्रच्या धुऱ्याला लागून जात होती. एका जागी तिच्या दोन्ही बाजूंना जमिनीत ओली, नवी भोकं होती. खुंट्या रोवून उपटल्यासारखी. प्रज्ञा त्या भोकांपासून वीरेंद्रच्या बाजूने, गवतात हात घालत पुढे सरकू लागली. डिंपल दुसऱ्या बाजूने. आधी त्यांनी वायरमनला बोलावून तिकडची लाइट बंद करवली होती.

वाळल्या गवतात काही अंतरावर प्रज्ञाच्या बोटांना ते लागलं. बारीक लोखंडी तार. दिवसाढवळ्याही ती वाकून पाहावी लागत होती. एक टोक मोकळं, वाकडं, ओढून तुटल्यासारखं. दुसरं टोक गवताखालून वीरेंद्रच्या मोटारघराकडे, पंपाच्या खोलीकडे, गेलं होतं.

टीआय साहेब तासाभरात आले. वीरेंद्रलाही आणलं होतं. अंबाबाई आणि वैभव वाटेच्या कडेला उभे होते. उन्हं कलली होती आणि झाडांच्या सावल्या वाटेवर आडव्या पडल्या होत्या.

"सर, डुकरांसाठी लोक धुऱ्यावर तार लावतात आणि तिच्यात करंट सोडतात," प्रज्ञा म्हणाली. "गुन्हा आहे, पण लावतात. कमल अशाच तारेला लागून गेली, आणि ती तार गुंडाळणारा माणूस विनोदनं पाहिला होता. ही तार मात्र धुऱ्यावर नव्हती. माणसाच्या वाटेवर आडवी होती, नडगीच्या उंचीला. डुकरासाठी अशी तार कुणी लावत नाही. विनोद चष्मा लावून इथून जाणार हे ठाऊक असलेल्यानं ती लावली. या चष्म्यातून झाड दिसतं, डुक्कर दिसतं, माणूस दिसतो. पण इतकी बारीक तार दिसत नाही. हेही त्याला ठाऊक होतं."

वीरेंद्र तारेकडे पाहत होता.

"विनोद पडला. जवळच वैभव झोपलेला, म्हणून बॅटरी लावायची सोय नव्हती. स्वतःचा चष्मा तो घरी ठेवून आला होता, म्हणून त्यानं विनोदच्या डोळ्यांवरून चष्मा काढला, आपल्या डोळ्यांना जुळेल असं कडं फिरवलं, आणि त्याच्या उजेडात विनोदला विहिरीपर्यंत ओढत नेला. माळ्यावर कुणी नसणार, असा त्याचा हिशेब होता. पण पाळी नसताना अंबाबाई आली होती. तिनं पाहिलं ते सगळं खरं होतं. फक्त रंग खरा नव्हता. मग त्यानं खुंट्या उपटल्या, तार गुंडाळली, आणि जाताना चष्मा परत विनोदला घालून त्याला विहिरीत सोडलं."

"मंग तार कशी राह्यली?" अंबाबाईने विचारलं.

"ती गवतात अडकून तुटली, मावशी. त्यानं गुंडाळताना चष्मा लावला होता. विनोदला दिसली नाही, तशी त्यालाही दिसली नाही."

वीरेंद्र वाटेच्या कडेला खाली बसला. जॅकेटची चेन त्याने गळ्यापर्यंत ओढून घेतली, थंडी वाजत असल्यासारखी.

"तो माह्याजवळ आला होता," तो म्हणाला. आवाज अगदी साधा होता. "लहानपनचा दोस्त आहे माहा. म्हने, वीरेंद्र, तू स्वतःच ठान्यात जा आन सांग. कमलले तू जानून मारलं नाही, लोक समजून घेतीन. तू नाही गेला त मले जावं लागन. सोमवारपर्यंत थांबतो म्हने." त्याने वर पाहिलं. "कमलचं माह्याकडून चुकून झालं, मॅडम. देवाशपथ चुकून झालं."

"आणि विनोदचं?"

वैभव त्याच्याकडे दोन पावलं गेला आणि मग तोंड झाकून झाडाला टेकला.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी देवीदासला सोडलं. प्रज्ञाने त्याला एसटीने जाऊ दिलं नाही. स्वतःच गाडी काढली, डिंपल मागे बसली. निघण्याआधी पूनम ठाण्यात आली होती. कमलबद्दल नवऱ्याने जे सांगितलं होतं, ते तिने सांगितलं आणि खाली सही केली. देवीदास बाहेर बाकावर होता. ती त्याच्याजवळ थांबली. तिने वाकून नमस्कार केला आणि निघून गेली.

"कमलची केस उघडन काय?" गाडीत त्याने विचारलं.

"उघडेल. वीरेंद्रनं कबूल केलंय. पूनमताईंचा जबाब आहे."

"साप नव्हता म्हून लिहान ना त्याच्यात?"

"लिहीन, काका."

बोरपाणीचा फाटा लागला. रस्ता बागांच्या मधून जात होता. ऊन चांगलं वर आलं होतं, आणि सकाळच्या त्या स्वच्छ उजेडात प्रज्ञाने गाडीचा वेग कमी केला.

डाव्या हाताच्या बागेत, धुऱ्यावर, एक म्हातारा उलटा चालत होता. हात गोल गोल फिरत होते. पुढच्या बागेत नवरा-बायको दोघं तेच करत होते. त्याच्या पुढे कपाशीच्या कडेला तीन माणसं खुंट्या उपटत होती. उजवीकडेही तेच. जिथवर नजर जात होती तिथवर, धुऱ्याधुऱ्यावर, वाकलेली माणसं घाईघाईने काहीतरी गुंडाळत होती. बोलण्याचा आवाज कुठूनच येत नव्हता.

पोलिसांची गाडी पाहून ती एकेक करून थांबली. मग गाडीत कोण बसलंय ते त्यांना दिसलं, आणि त्यांनी हात पाठीमागे घेतले.

देवीदासला दूरचं नीट दिसत नव्हतं. त्याने डोळे बारीक केले.

"काय करून राहिले हे लोक?"

प्रज्ञाने गाडी आणखी हळू केली. डिंपलने खाली मान घातली. शेवटी देवीदासच काच खाली करून बाहेर झुकला, आणि जवळच्या धुऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या मागून लोंबणारं तारेचं भेंडोळं त्याला दिसलं.

त्या माणसाने मान खाली घातली.

"मंजे," देवीदास म्हणाला, "साप नव्हता हे सगळ्यायलेच मालूम होतं."

त्याने काच वर केली आणि घर येईपर्यंत समोर पाहत बसला.